आक्काच्या पोरीला देवचंदला घालायचं का

मे महिन्यात एसएसएलसीचा, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला आणि आक्काच्या पोरीला 625 पैकी 541 पडले. मराठी मिडीयम, गावातलीच शाळा, शिकवणी नाही की काही नाही, सकाळी म्हशीचं आवरून मग दप्तर उचलणारी पोरगी. पेढे वाटून झाले, दाजींनी बेनाडीच्या चौकात दिसेल त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून जो विषय सुरू झाला तो अजून संपलेला नाही. तिला आता कुठं घालायचं? देवचंदला, निपाणीतच पीयूला म्हणजे कर्नाटकच्या अकरावी-बारावीला, बेळगावला हॉस्टेलवर, का त्या लांबच्या निवासी कॉलेजला जिथं दाजींच्या चुलतभावाचा पोरगा शिकतोय?

मी निपाणीत एका सौहार्दमध्ये, म्हणजे सहकारी पतसंस्थेत, अकौंट बघतो. मे-जूनमध्ये आमच्या काउंटरला कर्ज मागायला येणाऱ्यांत निम्मे लोक पोरांच्या ॲडमिशनसाठी आलेले असतात, त्यामुळं हे सगळं मी दरवर्षी बघतो, पण घरातली पोरगी असली की वेगळं असतं. रात्री झोप लागत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय, जरा मोकळं वाटावं म्हणून, आणि आमच्यासारखी घरं इकडं पुष्कळ आहेत, त्यातल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

बाहेरच्या लोकांसाठी आधी देवचंद कॉलेजचं सांगतो. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. पण निपाणीला अगदी चिकटून अर्जुननगर आहे, ते महाराष्ट्रात, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. देवचंद कॉलेज तिथं आहे. पत्त्यात व्हाया निपाणी लिहितात, पिन कोड 591 नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकातला, आणि डिग्री शिवाजी विद्यापीठाची. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1960 च्या सुमारास, देवचंद शेठ शहा यांच्या नावानं हे कॉलेज हद्दीच्या पलीकडं उभं राहिलं. आमच्या भागातल्या दोन पिढ्या तिथं शिकल्या. सकाळी निपाणी स्टँडवर उतरायचं, रस्त्यानं जायचं, मधे राज्य कधी बदललं ते पायाला कळत पण नाही. कागदाला मात्र कळतं, आणि दाजींची सगळी भीती त्या कागदाचीच होती.

दाजी म्हणाले, "तिकडं अकरावी केली की पोरगी कर्नाटकची ऱ्हात न्हाई बघ. उद्या सीईटीला बसायचं म्हणलं तर हाकलून देतील." आणि गावातले जाणते उलटं सांगत होते, इथं पीयू केली तर महाराष्ट्रात काही मिळणार नाही म्हणून. दोन्ही बाजूचे लोक इतक्या खात्रीनं बोलत होते की आक्का रडकुंडीला आली होती. ती म्हणाली, "तू शिकल्याला हाईस, तू बघ की जरा."

मग मी बघितलं. जेवणाच्या सुट्टीत काउंटर बंद करून चार दिवस दोन्ही राज्यांची माहितीपत्रकं वाचत बसलो, आणि जे सापडलं त्यानं माझाच जीव हलका झाला. कर्नाटकात सीईटी आणि प्रवेश बघणाऱ्या केईएच्या नियमात मुख्य गोष्ट अशी आहे की पहिली ते बारावीत मिळून किमान 7 वर्षं पोरगं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेलं पाहिजे आणि दहावी किंवा सेकंड पीयू यातली एक परीक्षा इथून पास झालेलं पाहिजे. आक्काची पोरगी पहिलीपासून दहा वर्षं इथंच शिकली, एसएसएलसी इथलीच. म्हणजे अकरावी-बारावी देवचंदला केली तरी तिचा हक्क जात नाही. शिवाय पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना 15 टक्के ग्रामीण कोटा असतो, तो पण तिला लागू होतो. कन्नड माध्यमवाल्यांसाठी 5 टक्के वेगळे असतात, ते आपल्या मराठी मिडीयमच्या पोरांना मिळत नाहीत, हे मला नेहमी लागतं, पण ते असो.

महाराष्ट्राचं बघायला गेलं तर सीमावादात त्यांनी दावा सांगितलेली 865 गावं आहेत, आमचा सगळा निपाणी भाग त्यात येतो. इंजिनिअरिंग वगैरेच्या कॅप राउंडला, म्हणजे तिकडच्या सरकारी प्रवेश फेऱ्यांत, सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या पोरांसाठी टाईप ई म्हणून वेगळा प्रकार आहे, त्याला दाखले लागतात, एक सीमाभागात राहत असल्याचा आणि एक मातृभाषा मराठी असल्याचा. नोकरीच्या जाहिरातीत पण असतंय, त्या 865 गावांत 15 वर्षं राहिलेल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो. म्हणजे इथं पीयू केली म्हणून तिकडचं दार बंद होत नाही, आणि तिकडं अकरावी केली म्हणून इथलं बंद होत नाही. नियम दरवर्षी नवीन माहितीपत्रकात बघायलाच पाहिजेत, माझं ऐकून कुणी गप्प बसू नका, पण गावच्या कट्ट्यावर जे बोललं जातं त्यातलं निम्म्याहून जास्त चुकीचं असतं एवढं मी खात्रीनं सांगतो.

हे सगळं कागदावर लिहून दाजींना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मग दोनी सारखंच म्हण की."

सारखं नाही. कागदाचं भांडण मिटलं, तेवढंच. माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न आत्ता सुरू झाला होता, आणि त्याला कारण माझं स्वतःचं आहे.

1997 साली मला एसएसएलसीला चांगले मार्क पडले होते. आमच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं की अमुक शहरातलं अमुक कॉलेज म्हणजे नाव आहे, तिथनं बाहेर पडलेलं पोरगं इंजिनिअरच होतं. कॉलेजचं नाव मी घेत नाही, आता तिथं माणसंही बदलली असतील. वडिलांनी तंबाखूच्या पट्टीवर उचल घेतली आणि मला सायन्सला तिथं घातलं. कॉलेज कुणी बघितलं नव्हतं. मी नाही, वडिलांनी नाही, आईनं तर नाहीच, ती बिचारी तेव्हा तंबाखूच्या वखारीत दिवसभर जर्दा चाळत होती.

पहिल्या आठवड्यात फिजिक्सचे सर फळ्यावर ॲक्सिलरेशन लिहून शिकवत होते. मला त्वरण येत होतं. दहावीत त्वरणाची गणितं मी पटापट सोडवायचो, शाळेत सर मलाच फळ्याकडं बोलवायचे. पण ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरण हे मला कुणी सांगितलंच नाही, आणि पुढचे दोन आठवडे मी तो कायतरी नवीन, अवघड विषय आहे असं समजून घाबरून बसलो होतो. एक दिवस धाडस करून उठलो आणि मराठीत विचारलं. सर म्हणाले इंग्लिशमध्ये विचार नाहीतर कन्नडमध्ये विचार. मला दोन्हीत धड वाक्य जुळवता येईना. वर्ग हसला. तेवढंच झालं, कुणी मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत, पण मी खाली बसलो तो वर्षभर परत उठलो नाही. शेवटच्या बाकावर गेलो. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही गेले. वडील न्यायला आले तेव्हा ट्रंक त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि स्टँडपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर मी कॉमर्सला आलो, बीकॉम झालो, नोकरी लागली, संसार झाला, माझं वाईट झालं असं नाही. पण त्वरण मला येत होतं. हे आजही आठवलं की घशात अडकतं.

म्हणून आक्काच्या पोरीच्या वेळी मी ठरवलं, कॉलेजचं नाव शेवटी बघायचं. आधी पोरीला विचारायचं.

तिला विचारलं, तुला काय करायचंय? सगळ्यांसमोर ती गप्प. मग संध्याकाळी ती रानातनं वैरण घेऊन येताना मी मुद्दाम बरोबर गेलो. तेव्हा बोलली. म्हणाली, "मामा, शाळेत सूक्ष्मदर्शक एकच व्हता, कपाटात कुलपात. आठवीत एकदा दाखवला सरांनी, कांद्याची साल ठेवून. सगळ्यांनी रांगेत एकेकदा बघितलं. माझा नंबर आला तवर बेल झाली, तरी सरांनी दाखवलं मला. मला परत बघायचं हाय ते." मी म्हणलं म्हणजे डॉक्टर व्हायचंय? तर म्हणाली, तसं नाही, मला ते बघायचं आहे, झाडाचं, पानाचं, आपल्या तंबाखूवर रोग पडतो तो कशानं पडतो ते. 

सोळा वर्षांच्या पोरीनं एवढं स्पष्ट सांगितल्यावर मोठ्यांनी अजून काय ऐकायचं राहिलं?

पण घरात ते कुणाला पटेना. दाजींच्या चुलतभावानं डोक्यात भरलं होतं की मार्क चांगले आहेत तर मेडिकलच्या नीट परीक्षेलाच बसवा, निवासी कॉलेजला घाला, कॉलेज आणि कोचिंग एकत्र, सकाळी पाचला उठवतात, रात्री अकरापर्यंत बसवतात, मोबाईल नाही काही नाही. फी दीड लाखाच्या वर, हॉस्टेल वेगळं. दाजी तेवढं कर्ज काढायला तयार झाले होते, आणि ते कुठं काढणार होते तर आमच्याच सौहार्दमध्ये, म्हणजे अर्जावर जामीनदार म्हणून सही माझीच असणार.

नीट वाईट आहे असं मी म्हणत नाही. 720 मार्कांची परीक्षा आहे, एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आहे, आणि कर्नाटकात पीयू सायन्सला एनसीईआरटीच आहे, त्यामुळं ज्याला खरंच डॉक्टर व्हायचंय त्याला पीयू सोयीची पडते हे खरं आहे. महाराष्ट्रात बालभारतीची पुस्तकं, त्यामुळं देवचंदला जाऊन नीट द्यायची तर एनसीईआरटी वेगळी करावी लागणार. हे मी दाजींपासून लपवलं नाही. इंजिनिअरिंगचं पण तसंच आहे. कर्नाटकच्या केसीईटीचा रँक लावताना निम्मे मार्क बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे आणि निम्मे सीईटीचे धरतात, पेपर पीयूच्या अभ्यासक्रमावर. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत अकरावीचे 20 टक्के, बारावीचे 80 टक्के, आणि तो महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर. म्हणून आमच्याच गल्लीतल्या एका पोराला, त्याला बेळगावला जीआयटीसारख्या ठिकाणी कॉम्प्युटरला जायचंय आणि डोक्यात दुसरं काही नाही, त्याला मी सांगितलं की बाबा तू निपाणीतच पीयूला बस, पीसीएमसी घे, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सबरोबर कॉम्प्युटर, कशाला देवचंदला जातोस. त्याच्या आईला वाटलं मी भाचीला एक सांगतो आणि त्यांच्या पोराला दुसरं. सांगतोच. दोघांना जायचंय वेगवेगळ्या गावाला, मग गाडी एक कशी असेल?

मग मी एक गोष्ट केली, ती मात्र प्रत्येकानं करावी असं वाटतं. जर्नलं मागवली.

आमच्या खातेदारांत एक आहेत, त्यांची मुलगी देवचंदला बारावी सायन्सला आहे. निपाणीतल्या पीयूला जाणारा एक पोरगा शेजारी राहतो. आणि दाजींच्या चुलतभावाचा पोरगा सुट्टीत घरी आला होता, निवासी कॉलेजचा. तिघांना म्हणलं तुमची अकरावीची प्रॅक्टिकलची जर्नलं एक दिवस द्या. शनिवारी दुपारी काउंटर बंद झाल्यावर टेबलावर तिन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि भाचीला बसवलं.

देवचंदच्या पोरीचं जर्नल बायोलॉजीचं होतं. कव्हर निघालेलं, वरनं प्लॅस्टिक घातलेलं. आत कांद्याच्या सालीची आकृती, पेन्सिलीनं काढलेली, खोडलेली, परत काढलेली, आणि कोपऱ्यात एक तांबूस डाग. भाचीनं बोट ठेवून विचारलं हे काय, तर ती म्हणाली सॅफ्रॅनिन सांडलं होतं, स्लाईड रंगवायची असते ना त्याचा रंग, धुतला तरी जात नाही. प्रत्येक प्रयोगाला वेगळी तारीख, कधी निळ्या पेननं कधी काळ्या, सही पण तशीच वेगवेगळ्या दिवसांची, एके ठिकाणी सरांनी लाल पेननं लिहिलं होतं की आकृतीला नावं दे. पीयूच्या पोराचं केमिस्ट्रीचं होतं, त्यात सुद्धा तारखा वेगवेगळ्या, एक पान ॲसिडनं थोडं जळालेलं, पोरगा हसत म्हणाला हातावर पण पडलं होतं. तिसरं जर्नल कोरं करकरीत. अक्षर सुंदर, आकृत्या छापल्यासारख्या, पण सगळं एकाच पेननं आणि सह्या सगळ्या एकाच तारखेच्या. मी त्या पोराला विचारलं प्रॅक्टिकल कधी असतात रे? तो खाली बघत म्हणाला, "काका, परीक्षेच्या आधी एक आठवडा घेतात. एरवी वेळ कुठं असतो, टेस्ट असतात." मी पुढं काही विचारलं नाही. गुणी पोरगा आहे, त्याची काय चूक?

भाची त्या तांबूस डागाकडं किती वेळ बघत होती.

दाजी तिथंच बसले होते. त्यांना जर्नल म्हणजे काय ते आधी माहीत नव्हतं, सातवी शिकलेला माणूस. पण तंबाखूचं पान हातात घेऊन ते कसं वाळवलंय हे सांगणारा माणूस आहे तो. त्यांनी तिन्ही वह्या उलटसुलट करून बघितल्या, तिसरी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ही वापरल्याली न्हाई."

त्या दिवशी निवासी कॉलेजचा विषय संपला.

राहिलं देवचंद आणि निपाणीतलं पीयू. आता इथं माझं जरा जास्त बारकाईनं बोलणं होईल, कारण दोन्हीकडं सायन्स इंग्लिशमध्येच आहे, पेपर इंग्लिशमध्येच लिहायचाय. कुणी म्हणेल मग भाषेचा प्रश्न येतोच कुठं? येतो. पुस्तक इंग्लिशमध्ये असलं तरी सर समजावून कुठल्या भाषेत सांगतात, आणि पोरगी उठून उभी राहिली तर कुठल्या भाषेत विचारू शकते, यावर पहिले सहा महिने ठरतात. देवचंदच्या त्या पोरीला मी हेच विचारलं. ती पण आपल्यासारखीच मराठी मिडीयमची, पलीकडच्या गावची. म्हणाली सुरुवातीला काही कळत नव्हतं, पण सर इंग्लिश वाक्य वाचतात आणि मग मराठीत सांगतात, वर्गात निम्म्याहून जास्त पोरं मराठी मिडीयमचीच, त्यामुळं विचारायला लाज वाटत नाही. पीयूच्या पोरानं सांगितलं त्याच्या वर्गात कन्नड मिडीयमची, इंग्लिश मिडीयमची, मराठी मिडीयमची सगळी मिसळून आहेत, काही सर मराठीत सांगतात, काहींना मराठी येत नाही. त्याला स्वतःला कन्नड चांगलं येतं म्हणून त्याचं निभावलं. आणि कन्नड येणं ही चांगलीच गोष्ट आहे, मी आमच्या पोरांना नेहमी सांगतो शिका म्हणून, आपण इथं राहतो, कचेरीत, बसमध्ये, बँकेत लागतं, पुढं इथं सरकारी नोकरी करायची तर लागतंच लागतं. भाचीला ते वाचायला-लिहायला येतं, बोलायला अजून कचरते.

मी तिला एक वही दिली आहे. मधे उभी रेघ मारून दोन रकाने. डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्लिश. त्वरण, ॲक्सिलरेशन. अपवर्तन, रिफ्रॅक्शन. संयुजा, व्हॅलन्सी. प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. पेशीभित्तिका, सेल वॉल. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून ती स्वतः भरत चाललीय, रोज रात्री वीस शब्द. पहिला शब्द मीच लिहून दिला होता. कुठल्या कॉलेजला जायचं ते ठरायच्या आधीच ही वही सुरू केली, कारण कुठंही गेली तरी हे लागणारच आहे, आणि मराठी मिडीयमच्या पोरांना हे जूनच्या आधी कुणीतरी करून घ्यायला पाहिजे होतं असं मला गेली कितीतरी वर्षं वाटतंय.

जाण्या-येण्याचं पण बघितलं. आक्काला सगळ्यात काळजी त्याची. बेनाडीतनं निपाणीपर्यंत कर्नाटकची बस, आणि जून 2023 पासून शक्ती योजनेत बायका-पोरींना तिकीट नाही, आधार कार्ड दाखवायचं आणि झिरो तिकीट घ्यायचं. निपाणी स्टँडवरनं पुढं अर्जुननगर चालत. म्हणजे देवचंदला जाऊन पण प्रवासखर्च जवळजवळ शून्य, हे मला आधी सुचलंच नव्हतं. बेळगावचं म्हणाल तर बेळगाव निपाणीपासून पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास, रोज होत नाही, हॉस्टेल करावं लागणार. आरपीडी, लिंगराज, जीएसएस ही सगळी जुनी नावाजलेली कॉलेजं, आमच्या भागातली किती माणसं तिथनं शिकून मोठी झाली, मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पोरगी अजून घर सोडून एक रात्र राहिलेली नाही, आणि तिला जे पाहिजे ते पाऊण तासावर असताना सोळाव्या वर्षी हॉस्टेलला कशाला धाडायची? डिग्रीनंतर जाईल की, बेळगावला जाईल, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाईल, कोल्हापूर तर निपाणीपासून चाळीसेक किलोमीटर. देवचंदला बारावी झाली की त्याच आवारात बीएस्सी आहे, म्हणजे पाच वर्षं परत ॲडमिशनची पळापळ नको, ही पण एक जमेची बाजू.

आता अडचण कुठं आहे ते पण सांगतो. पीयूचे वर्ग जूनच्या सुरुवातीलाच चालू झाले. महाराष्ट्रात 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झाले आणि पहिल्याच वर्षी फेऱ्या लांबत गेल्या, तिकडचे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? पीयूला पैसे भरून शाळेचा दाखला जमा केला तर तो परत काढताना दम लागतो, आणि नाही भरले तर तिकडं नंबर लागला नाही की दोन्हीकडनं लटकलो. यावर माझ्याकडं पक्कं उत्तर नाही. आम्ही असं केलंय की दाखला आणि मार्ककार्डाच्या साक्षांकित प्रती काढून ठेवल्या, मूळ कागद घरात, आणि पीयूच्या ऑफिसात जाऊन दंडासहित शेवटची तारीख कधी आहे ते विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल केलाय. ऑनलाईन फॉर्म भरताना बोर्ड कुठलं यात कर्नाटक निवडायचं असतं आणि मार्क 625 पैकी टाकायचे, नेट कॅफेवाल्यानं घाईत 500 केलं होतं, मी बघितलं म्हणून बरं. फॉर्म भरताना तुम्ही स्वतः शेजारी बसा, पोरांना एकटं धाडू नका.

पसंतीक्रमात पहिलं देवचंद टाकलं. टाकताना मी भाचीला परत एकदा विचारलं, तुला मनापासून वाटतंय का? कारण मी माझी जुनी जखम हिच्यावर बांधतोय की काय अशी शंका मला मधेच येत होती, खरंच येत होती. मला त्या वर्गात परत उठून उभं राहायचंय म्हणून मी हिला मराठी बोलणाऱ्या वर्गात बसवतोय का? तिला ते कन्नडवाल्या वर्गात जमलं पण असतं, ती माझ्यापेक्षा धीट आहे. तर ती म्हणाली, "मामा, तितं माळ्यावर सूक्ष्मदर्शक किती हाईत म्हाईत हाय? ती जर्नलवाली आक्का म्हणाली प्रत्येक टेबलावर असतोय प्रॅक्टिकलला." बस. तिच्या मनात दुसरा प्रश्नच नव्हता.

आम्ही दोघं एकदा जाऊन पण आलो. सकाळी नऊच्या सुमारास, मुद्दाम काही काम न सांगता. आवारात झाडं आहेत, पोरंपोरी सायकलवरनं येत होती, पाठीवर सॅक, कुणाच्या गळ्यात कर्नाटकचा बसपास, कुणाच्या महाराष्ट्र एसटीचा. गेटजवळ एक पोरगी मैत्रिणीला काहीतरी जोरजोरात समजावून सांगत होती, हातवारे करून, निम्मं मराठी निम्मं इंग्लिश, मधेच एक कन्नड शब्द. भाची ऐकत उभी राहिली. मी चार पावलं पुढं गेलो आणि मागं वळून बघितलं तर ती तिथंच. परत येताना बसमध्ये तिनं वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय? म्हणाली ती पोरगी ऑस्मॉसिस म्हणत होती, ते डाव्या रकान्यात काय लिहायचं ते घरी जाऊन पुस्तकात बघायचंय. परासरण, मी म्हणलं. मला आठवलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

पहिली यादी अजून लागायची आहे. दाजी रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "काय आलं का गा?" आक्कानं हलसिद्धनाथाला नारळ बोललाय. आणि भाचीनं आपणहून एक काम काढलंय, घरामागनं जाणारी सकाळची निपाणी गाडी रोज नेमकी किती वाजता येते ते ती कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायलीय, म्हशीचं दूध काढता काढता. काल मी गेलो तेव्हा अकरा चौकोन भरले होते. 7.35, 7.31, 7.40, 7.34. रविवारचा पण लिहिलाय.